पाच जास्तीची चित्रं

कुमासीत, सुआमेच्या चढावर, गॅरेजांच्या रांगेत
टायरवाल्याच्या माडीवर माझं दुकान.
खाली दिवसभर हातोडे.
म्हणून आवाजाचं काम मी रात्री करते.

आज सेरवाबाईंचं दफन आहे टेबलावर.
म्हणजे तीन कॅसेटी, एकशे ऐंशी मिनिटं,
कापून कापून एकशे दहा.
त्यांचा धाकटा, ओडुरो, तिकडे ब्रॉन्क्समध्ये
रात्रपाळीला दवाखान्याच्या फरशा पुसतो.
कागदपत्रं अडली, येता आलं नाही.
फोनवर म्हणाला, एकाच डिस्कमध्ये बसवा.
पाद्रीबुवांचं प्रवचन आटोपतं घ्या,
पण देणग्या पुकारल्या ती यादी अख्खी हवी,
कोणी किती दिले, नावासकट.

बसवते.
डबीवर लिहिलेलं असतं चार पूर्णांक सात,
हातात येतात चार पूर्णांक तीन.
त्याला मिनिटांनी भागायचं, आवाजाचं वजा करायचं,
उरेल ते चित्राला.
नाचाला जास्त द्यावं लागतं, आदोवात हात फार हलतात,
काळ्या-तांबड्या कापडाच्या घड्या फार.
निजवलेल्या बाईचं थोडक्यात भागतं.
ती हलत नाही.

मग चित्र आणि आवाज वेगळे करायचे.
दोन फायली, नाव एकच, आडनावं दोन,
एक मुकी, एक आंधळी.
डिस्क बनवणाऱ्या प्रोग्रॅमला अशाच लागतात, सुट्या.
जोडायचं काम तो आपलं आपण करतो.
का, ते मला शिकवणाऱ्या आडूसेई मास्तरांनाही
ठाऊक नव्हतं.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा सुरुवात ठीक.
तासाभरात वरातीमागून घोडं:
थोरली पोकुआ पेटीवर ओणवी होते,
तोंड उघडते, मिटते, नाक पुसते,
आणि मग तिचा हंबरडा ऐकू येतो.
दोन सेकंद.
कॅमेऱ्यानं आवाज घेतलेला बत्तीस हजारांनी,
डिस्कला लागतात अठ्ठेचाळीस,
मधे कुठेतरी माझाच आकडा चुकलेला.
मी ते दोन सेकंद पुन्हा पुन्हा पाहिले.
खोटे वाटत नव्हते.
पण ओडुरोला वाटेल मशीन खराब आहे,
आणि पैसे त्याचे आहेत.
दुरुस्त केलं.

राहिलं शेवटचं.
आमच्याकडे एका सेकंदात पंचवीस चित्रं,
त्याच्याकडच्या टीव्हीला जवळजवळ तीस.
वरची पाच कुठून आणायची?
अलीकडचं एक, पलीकडचं एक घेऊन
मशीन मधलं रचतं.
एकेक थांबवून पाहिलं मी:
पेटी खांद्यावर आहे आणि खांद्यावरून उतरलीही आहे.
पोकुआला चार हात.
नोट मुठीतही, ताटातही.
असं काही झालं नव्हतं.
मी होते तिथं, मला विचारा.
अंगणात जमलेल्या तीनशे माणसांपैकी
एकानंही ही चित्रं पाहिली नाहीत.
पाहील तो फक्त ओडुरो,
दर सेकंदाला पाच,
आणि कळणार त्यालाही नाहीत.

मेनूवर बटणं चार.
जागरण. दफन. नाच. देणग्या.
मागे बाईंचा फोटो, मीच निवडला:
बाजारात, कापड मोजायची काठी हातात,
गिऱ्हाइकावर खेकसता खेकसता थांबलेल्या.
कोणी बटण दाबेपर्यंत तशाच.

पहाटे सव्वातीन. चौऱ्याण्णव टक्के.
वीज गेली.

ही डिस्क आता टायरवाल्याच्या पोराला.
त्यानं अशा सहा दाराशी टांगल्यात,
कोंबड्या त्यांना चोची मारतात.

दुसरी कोरी डबीतून काढून ठेवली आहे.
मार्कर हातात, टोपण दातात.
इंग्रजीत सेरवाच्या शेवटी ए एक की दोन,
ते विचारायचं राहिलं.