अकरा मिनिटं

रात्रीचे तीन वाजून आठ.
फेरीच्या तिकिटांचा सर्व्हर बसलाय,
चिखलात घोडं बसावं तसा.
नऊची बोट सामुद्रधुनी ओलांडून पोर्वेनिरला जाते.
आज एकशे बारा माणसं, चार ट्रक मेंढ्या,
आणि डायलिसिस उरकून घरी निघालेली ओर्फेलिनाबाई,
जी खिडकीशेजारची जागा आठवडाभर आधी धरते.

मला इथे लागून एकोणीस दिवस.
मी रनबुक उघडते.

डॉन एलिएसेरने लिहिलेलं. तो मार्चात निवृत्त झाला.
खुर्चीवर त्याची उशी अजून आहे,
मध्ये खड्डा पडलेली.

पायरी एक : घाबरू नकोस.
(ही ओळ साहेबांनी काढून टाकलीये.
जुन्या आवृत्तीत मात्र दिसते.)
पायरी दोन : आधी डिस्क बघ. नेहमी डिस्कच असते.
पायरी तीन : डिस्क नसेल, तर पुन्हा डिस्क बघ.

डिस्कच होती.
लॉग काठोकाठ तुंबलेले.

चार, पाच, सहा.
प्रत्येक कमांड पूर्ण, टिंबासकट.
कडेला त्याची टीप :
अर्धवट झोपेतल्या माणसाला
‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द कळत नाही.

पायरी सात : सेवा पुन्हा सुरू कर. अकरा मिनिटं थांब.
दहा नाही.
दहाव्या मिनिटाला मी एकदा हात लावला होता.

पुढे काही नाही.
पण त्या ओळीच्या पोटात एक अख्खी रात्र असणार,
वाजत राहिलेले फोन, धक्क्यावर अडकलेले ट्रक,
बायकोने गरम करून पुन्हा गार झालेलं जेवण.
पुढच्याला ठेच लागली
आणि मागची मी शहाणी, फुकटात.

थांबते.
बाहेर वारा.
पुंता अरेनासला वारा चढला की
चौकाच्या कोपऱ्यांवर दोर बांधतात,
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
लहानपणी मला वाटायचं,
तो दोर वाऱ्याला बांधायला आहे.

सातव्या मिनिटाला बोट आपोआप कळफलकाकडे जातं.
हात मांडीखाली घेऊन बसते.
आठ.
साडेआठ, हे काय मिनिट झालं?
अकरा.

पायरी आठला मात्र गाडी अडते.
तिच्यात ज्या यंत्राचं नाव आहे
ते एप्रिलमध्येच भंगारात गेलं.
कागद इथे संपतो.

तीन बत्तीसला मी त्याला फोन लावते.
दुसऱ्या रिंगला उचलतो.
कोण, काय, किती वाजलेत, काही नाही. विचारतो,
“कुठल्या पायरीवर आहेस?”
“आठ.”
“अकरा झाली?”
“झाली.”
“मग आतल्या खोलीत जा. डावीकडचं तिसरं कपाट. ऐक.”
“काय ऐकू?”
“किटली उकळायच्या जरा आधी जसं करते, तसं काही.”

थंडगार खोलीत मी कान लावून उभी,
फोन छातीशी.
शंभर पंखे एकसुरात,
आणि त्यांच्या खाली, हो,
एक बारीकशी कुरकुर.
चौथ्या खणात. बदलायची तबकडी तीच.

नंतर मी विचारलं,
हे तुम्ही लिहिलं का नाहीत?
तो इतका वेळ गप्प,
की मला वाटलं फोन तुटला.
“मला वाटायचं,” तो म्हणाला,
“ते सगळ्यांनाच ऐकू येतं.”

चार वाजून पन्नास. तिकिटं निघू लागली.
पायरी आठमध्ये मी नवं नाव घातलं.
किटलीबद्दल एक वाक्य लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं, वाईटच जमलंय, राहू दे.
नऊ : डॉन एलिएसेरचा नंबर. रात्री केला तरी चालतो.
आणि पायरी एक परत वर नेऊन ठेवली.

जतन करताना यंत्र विचारतं,
बदल करणारी? नोल्फा बार्रिया.
बदलाचं कारण?

मी त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसले आहे.
खाली धक्क्यावर मेंढ्यांचा पहिला ट्रक लागलाय,
वाऱ्यातूनही त्यांचं बें बें इथवर येतंय.
तेच लिहावं का?