मिठाइतकंच

पहाटे चारला भट्टी पेटते.
जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी आमची भट्टी,
तिच्या तोंडात कमरेपर्यंत वाकायचं,
कणकेची लांब होडी आतल्या भिंतीवर थापायची
आणि भुवया करपायच्या आत वर यायचं.
चौतीस वर्षं हेच.
छप्पन्नाव्या वर्षी पिठाचं पोतं उचलताना
गुडघा म्हणाला, म्झेविनार, आता पुरे.

कुताइसीच्या बाजारामागे, कुस्तीच्या हॉलखालच्या तळघरात
तामाझने माझ्या हातात नुसती दांडी दिली. वीस किलो.
मला हसू आलं. माझं पोतं पन्नासचं.
तो हसला नाही.
म्हणाला, पोतं तुला वाकवतं,
तू त्याला उचलत नाहीस.

आठ महिने गेले.
बसायचं, उठायचं, वजन नेमाने थोडंथोडं वाढवायचं.
मग त्याने एक डबा पुढे केला,
साधा, पांढरा, वर ना वाघ ना वीज.
क्रिएटिन.
मांसात असतं, माशात असतं,
आपलं शरीरही घरच्या घरी थोडं बनवतं.
जादू नाही बरं का, तो म्हणाला,
पाच वेळा उचलून दम संपत असेल
तर कदाचित सहावी जमेल.
पण पहिल्या पाच तुलाच उचलाव्या लागतील.

आणि डॉक्टरला आधी विचार.
विचारलं. लामारा बाईंनी मूत्रपिंडं तपासली,
बरी आहेत म्हणाल्या, घे.

डब्यातला चमचा मी फेकून दिला.
मिठाचा छोटा काटा पुसून घेतला.
चार ग्रॅम.
कोमट पाण्यात ढवळलं तरी तळाशी थोडी वाळू राहतेच,
ती बोटाने निपटून घेते, सवय.

पहिल्या पंधरवड्यात वजन दीड किलोने वाढलं.
घागरा आवळला, जीव धसकला.
तामाझ म्हणाला, पाणी आहे ते, स्नायू पाणी धरतात.
मला काय सांगतोस, म्हटलं,
पीठही धरतं.

भाचा वाझा, एकोणीस वर्षांचा, कुस्तीगीर,
त्याला सगळं कालच हवं असतं.
एका ग्लासात पाच चमचे, वर फुशारकी.
स्पर्धेच्या सकाळी पोट धरून बसला संडासात,
बाहेर पंच त्याचं नाव पुकारतोय.
मी दाराला कान लावून विचारलं,
अरे, बेकरीत वाढलास ना,
मीठ पाचपट घातलं की पाव पाचपट फुगतो?
आतून उत्तर आलं नाही.
जे आलं ते सांगण्यासारखं नाही.

शेजारचा नोदारही आला, वाटी घेऊन,
साखर मागायला यावं तसा.
त्याची मूत्रपिंडं दोन वर्षं कुरकुरताहेत.
चिमूटभरसुद्धा दिलं नाही.
रागावला. आठवडाभर पाव दुसरीकडून नेला.
नेऊ दे.

मार्चमध्ये रक्ताचा कागद आला,
क्रिएटिनिनच्या आकड्याखाली लाल रेघ.
नवीन डॉक्टर, पोरगेलासा, चेहरा पाडून म्हणाला,
बाई, मूत्रपिंडं…
मी म्हटलं, थांब बाळा.
मी क्रिएटिन घेते, रोज, चार ग्रॅम,
आदल्या दिवशी पाय मोडेस्तोवर व्यायामही केला होता.
त्याने पेन खाली ठेवलं.
तीन आठवडे बंद करा, म्हणाला, पुन्हा तपासू,
आणि दुसरी एक चाचणीही करू.
त्या तीन आठवड्यांत मी दर रात्री कमरेवर हात ठेवून झोपले,
शहाणपण सांगणाऱ्यांनाही भीती वाटतेच.
आकडा खाली आला. दुसरी चाचणीही नीट.
आता माझ्या कागदावर वरच लिहिलेलं असतं,
मोठ्या अक्षरांत.

गुडघा अजून बोलतो,
पण पायऱ्यांवरच, पोत्यापाशी नाही.
ते पावडरीमुळे की दांडीमुळे,
की आता रात्री अंडी आणि राजमा पोटभर खाते म्हणून,
कोण जाणे.
तामाझला विचारलं तर तो
दांडीकडे बोट दाखवतो.

काल घ्यायची विसरले.
लग्नाची ऑर्डर होती, दोनशे पाव.
आज काटा पुसला.
चार ग्रॅम.
आठ नाही.