श्वास सोडून

बाबांचं जेंट्स टेलरिंग खडेबाजारात, माझी लॅब शहापुरात.
टेप दोघांच्याही गळ्यात.
त्यांचा एक ते बारा आकडे पुसलेला,
माझा पाकिटातून नवा काढलेला.

फॉर्म कन्नडमधून. सोंट, असं छापलंय.
बाबा हसतात. कमरेला काय म्हणं, सोंट!
होय. शेवटची बरगडी आणि कटीचं हाड
यांच्या मधोमध. श्वास सोडून.
"सोडून? गिऱ्हाईक तर आत ओढूनच उभं राहतंय की."

सातला लोक उपाशीपोटी येतात.
देसूरचा भरमाण्णा, हातपाय सायकलच्या तारांसारखे,
पोट तेवढं पुढं, डबा बांधल्यागत.
यंत्र थांबलं, नळी काढली
तर वरचं पाणी दुधाळ.
रात्री काय खाल्लेलं?
"चूळसुद्धा भरलो नाही, बाई."
खरं असणार. हे दूध ताटातलं नव्हे.
आतड्यांभोवतीची चरबी झोपत नाही,
रात्रभर यकृताच्या दारात नेऊन ओतते.

मग येळ्ळूरची लक्कव्वा. दारातून जरा तिरकी आत आली.
"माझं नको काढूस, तूपच निघंल."
निघालं फिकट पिवळं, नितळ,
पलीकडचं कन्नड वाचता यावं इतकं.
मांडीतली चरबी घेते, ठेवून घेते,
परत द्यायची तिला घाई नसते.
सगळ्याच बायकांची अशी नसते.
आणि असली तरी कायमची नसते.

बाबांच्या वहीत एकेका माणसाला एक पान.
कंबर तीस. बत्तीस. पस्तीस, पँट उसवून मोठी केली.
काही पानं अडतिसाला थांबलीत.
मी विचारलं नाही. बाबांनी पान उलटलं.

त्या वहीत बाई एकही नाही.
आईचं माप कुणी घेतलंच नाही,
म्हणजे असं मला वाटत होतं.
परवा धुण्यात तिचा जुना परकर आला.
नाडीवर गाठींचे वळ, एकापुढं एक,
बरीच वर्षं अगदी जवळजवळ,
आणि पाळी गेल्यानंतरचे
चार बोटं लांब.

आज तिला घेऊन आले.
"मला कशाला गं? मला काय झालंय?"
सुई टोचताना भिंतीकडं बघत होती.
आता यंत्र फिरतंय. दहा मिनिटं.
ती बाकावर बसून, पदराआडून,
नाडी सैल करूलालीय.