खाली

मोजणीच्या पहिल्याच तक्त्यात
इरण्णा कौजलगीनं एका रकान्यात लिहिलं होतं: खाली.
मी खाली पाहिलं.
पुढच्या ओळीत पुन्हा खाली, त्याच्या पुढच्या ओळीत पुन्हा.
अशा त्रेचाळीस ओळी मी बोट धरून उतरले
आणि पानाच्या तळाशी
त्याची सही तेवढी सापडली.

फोन केला. तो हसला नाही.
म्हणाला, मॅडम, खाली म्हणजे रिकामी.
साखर टाकून आलेली, उद्यमबागेचं कास्टिंग उतरवून परतलेली.
कन्नडात असंच म्हणतो आम्ही.
मग जरा थांबून: तुमच्यात कुठं असतं खाली?

म्हणून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी
निपाणीत बसायचं ठरलं.
वरून आदेश नाही, भत्ता नाही,
तंबाखूच्या वखारीवरची खोली,
जिन्यापासूनच शिंका.
चिक्कोडीहून इरण्णा, बेळगावहून मी,
कोगनोळी नाक्यावर केस पांढरे केलेले दस्तगीर मुल्ला,
आणि हद्दीपलीकडून, गडहिंग्लजच्या नूलकर बाई,
डब्यात ठेचा, काखेत नकाशाची गुंडाळी.

त्यांनी नकाशा पसरला, मी माझा शेजारी लावला.
दोन्ही कागद हद्दीशी पोचले की पांढरे.
त्यांचा रस्ता साडेपाच मीटर रुंद येऊन थांबतो,
माझा सात मीटरनं निघतो,
आणि मधला ओढ्यावरचा पूल
ना त्यांच्या कागदावर, ना माझ्या.
इरण्णा म्हणाला, गळीत सुरू झालं की रात्रीचा ऊस
तिथूनच जातो.
किती?
ठाऊक नाही, बाई म्हणाल्या. मीही म्हणाले.
मुल्लामामा सुपारी कातरत होते:
एवढं म्हणायलाच अकरा वर्षं लागली की आपल्याला.

डिसेंबरात पुलाच्या त्या तोंडाला नूलकर बाई, घोंगडी पांघरून,
या तोंडाला आम्ही.
मी टॉर्च मारून हौद्यात डोकावत होते.
बत्ती बंद कर पोरी, मुल्लामामा म्हणाले,
गतिरोधकाशी उभी राहा, डोळे मिट.
भरलेली गाडी बसते, धप्प,
पाठीवर पोतं टाकल्यासारखी.
खाली गाडी बोलते,
साखळ्या, फाळका, डिझेलचा डबा, सगळं एकदम.
खरं ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असल्या तर फसशील,
पुढची बसते, मागची उगाच ओरडते.
हे कळायला त्यांना चार हंगाम लागले.
मला चार रात्री,
त्यातल्या दोन मी चुकीच्या मोजल्या.

मी काय दिलं? एक्सेलचा तक्ता.
तासातासाची बेरीज आपोआप होते म्हटल्यावर
इरण्णानं सगळी पुन्हा हातानं केली.
रात्री दोन ते तीन या ओळीत
माझंच सूत्र चुकलेलं निघालं.
ते त्यानं कुणाला सांगितलं नाही,
मला सांगितलं.

कन्नड आकडे, मराठी आकडे, मुल्लामामांच्या उर्दू खुणा,
पाचाची जुडी मात्र सगळ्यांची एकच:
चार उभ्या काड्या, एक आडवी.
त्या जुड्यांवरून दोन्हीकडच्या नकाशांवर
पूल उमटला, आधी पेन्सिलीनं.

मार्चात मुल्लामामा निवृत्त झाले.
यंदा अथणीचा एक नवा पोरगा आलाय,
शाळा मराठी, चष्मा जाड.
परवा तक्ता घेऊन आला,
मॅडम, इथं खाली लिहिलंय. खाली काय बघू?
मी काही बोलले नाही. गाडीत बसवलं,
रात्री पुलापाशी नेलं, म्हटलं, बत्ती बंद कर.

एक लॉरी गेली. दुसरी गेली.
गुळगुळीत, नुसती हवा कापत.
आमच्याच आकड्यांवर रस्ता नवा झाला होता,
गतिरोधक डांबराच्या पोटात.
पोरगा डोळे मिटून इमानानं उभा,
भरलेली होती का मॅडम?

इरण्णाला फोन लावला, झोपेतून उठवून.
आता कुठं ऐकायचं रे?
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाला,
मी पण तुम्हाला तेच विचारणार होतो.