वीस मिनिटांत आळशी

पाव किलो ताजं पनीर, एक अंडं,
मैदा घेईल तेवढा.
वहीत आईनं इतकंच लिहिलंय.
वर नाव: आळशी.
खाली पेन्सिलीनं: वीस मिनिटं.

वूच शहरात, आमच्या तिसऱ्या मजल्यावर
पदार्थ लहान असायचा, नाव मोठं.
"आज कबुतरं!" आई जिन्यातूनच ओरडायची
आणि सेवेरिन खिडकीकडे धावायचा.
ताटात यायची कोबीची पानं, आत भात, कांदा,
कूपनावर मिळालाच तर नखभर खिमा.
खूर म्हणजे कालच्या बटाट्याचे तुकडे.
नकली ससा म्हणजे भाजलेली वडी,
तिच्या पोटात उकडलेलं अंडं,
ज्याच्या वाट्याला पिवळा बलक येई तो त्या दिवशी राजा.
सगळं खोटं,
आणि सगळं गरम.

तिची पाळी रात्रीची, सूतगिरणीत.
सकाळी यायची तेव्हा भुवयांवर कापूस,
कानांत चात्यांची घरघर अजून चालू,
म्हणून आम्ही तिच्याशी ओरडूनच बोलायचो.
बूट काढले की पाय पुन्हा त्यात मावत नसत.
मग ती स्टुलावर बसायची, पाट मांडीवर घेऊन,
आणि आळशी करायची.
सारण भरायला नको, कडा दुमडायला नको,
लांब वळी, तळव्यानं चेपलेली,
सुरीनं सपासप, तिरकी.
उकळत्या पाण्यात तरंगून वर आले की झाले.
वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा, साखर.
शेजारच्या पेलागियाबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या,
"आजपण आळशी का गं, बोगुमिला?"
"हो," आई म्हणायची, "आजपण मीच."

एका फेब्रुवारीत दुकानाच्या फळ्यांवर
फक्त व्हिनेगर होतं, ओळीनं, बाटलीमागे बाटली.
घरात बटाटे, मीठ,
आंबलेल्या दुधाचा तळ.
रस्सा इतका नितळ
की वाडग्याच्या बुडाचं निळं फूल दिसायचं.
"याचं नाव काय?" सेवेरिननं विचारलं.
आई जरा थांबली.
"आंधळे मासे."

स्निग्ध काही पडलं की रश्श्यावर डोळे येतात,
आमच्या रश्श्याला एकही डोळा नव्हता,
हे मला फार पुढे कळलं.
तेव्हा तो चमच्यानं तळ चाचपत राहिला,
बटाटे बाजूला सारत, कडेकडेनं,
आणि म्हणाला, "एक होता. सटकला."
आई मोरीकडे वळली, नळ सोडला.
घासायला भांडं एकही नव्हतं.

आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाते, पुन्हा पुढे जाते.
रविवारी मी आळशी करते, घड्याळ लावून.
मला बेचाळीस मिनिटं लागतात.
मैदा किती घेईल ते पीठ सांगत नाही,
तिला सांगायचं,
मला अजून नाही.

ती काट्यानं ताट चाचपते, कडेकडेनं.
एक तुकडा सापडतो, चावते, थांबते.
"मैदा जास्त झालाय."
मग बऱ्याच वेळानं,
"आणि सरळ कापलेस."
"आई, चवीला काय फरक पडतो?"
"चवीला नाही,"
असं म्हणून ती ताट पुढे करते,
माझ्यापासून जरा डावीकडे,
आणखी वाढ म्हणून.