अंक सातवा, शेवटचं पान नाही

मंगळवारचा बाजार उठल्यावर गेलो,
तेव्हाच त्या गल्लीत गाडी वळते.
पाटीवर अजून 'वाटकर हेअर कटिंग',
आत सरकीची पोती, आणि जिथं खुर्ची होती
तिथं जमिनीत चार बोल्टांची भोकं.
प्रमिलाताईंनी पेटी ओल्या फडक्यानं पुसून ठेवलेली.
पुसायची नव्हती, मी म्हणालो.
"पाहुना येनार म्हनून पुसली, बावा."

बत्तीस अंक.
हातमोजे, भिंग, चिमटा, सहा इंची पट्टी.
दहापैकी एक आकडा द्यायचा, एवढंच माझं काम,
त्यासाठी नागपूरहून पेट्रोल जाळत येतो.
पिना गंजलेल्या, गंज आतल्या ढगांपर्यंत उतरलेला.
मलपृष्ठावर तुरटीचा गोल डाग.
कसरीनं एका राजाची फक्त मिशी खाल्लेली.
आणि घडीघडीत केस,
बारीक, काळेभोर, कुण्या पोराच्या मानेवरून उडालेले;
ते पोर आज साठीत असेल आणि टोपी घालत असेल.
केस चिमट्यानं उचलून कागदावर ठेवले.
फेकायचे की नाही याचा नियम आमच्यात नाही.

मग 'निळा स्वार', अंक सातवा.
माझा हात थोडा थांबला, तो ताईंनी पाहिला.
सहावा सापडतो, आठवा सापडतो,
सातवा छापलाच नव्हता असं आम्ही एकमेकांना
वीस वर्षं खात्रीनं सांगत आलो.
मुखपृष्ठ शाबूत. निळा रंग रेषेबाहेर सांडलेला,
अमरावतीच्या त्या छापखान्याची सवयच ती.
पानं मोजली. एक कमी.
फाटलं नव्हतं. कापलं होतं,
कल्ल्याखालच्या रेघेसारखं सरळ.
दुसरा उघडला, तिसरा उघडला.
बत्तीसच्या बत्तीस, शेवटचं पान, तीच धार.
कुणी दलाल माझ्याआधी येऊन गेला, मला वाटलं,
आणि मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

ताई हसल्या. "दलाल कायचा?
माया बाबाचा वस्तरा हाय थो.
पोट्टे कटिंगले बसत नव्हते, पयून जात.
म्हनून शेवटचं पान कापून ठेवे.
म्हने, पुढच्या महिन्यात डोकं घेऊन ये, मंग वाच."

बिस्किटाचा डबा आला.
पानं दोऱ्यानं बांधलेली, कडा बोटांनी मऊ झालेल्या;
अंकांपेक्षा शेवटच जास्त वाचलेले.
मी जुळवत गेलो, काप कापाला बसत गेला.
एकतीस.
सातव्याचं नव्हतं.

दारात तोवर माणसं जमली होती.
पंक्चरवाले शेषराव नेवारे म्हणाले, मले माईत हाय,
घोडा एकटाच घरी येते.
गुलाबभाऊ म्हणाले, हट्! स्वार हिरीत उतरते
अन् हिरीले पानी लागते.
तिसऱ्यानं सांगितलं, निळा रंग धुतला जाते
अन् थो त्याचा सख्खा भाऊ निंगते.
वाचलं कुणी? कुणीच नाही.
सूर्यभान वाटकरांनी मान खाली दाबून,
कात्री चालवत, ज्याच्या त्याच्या कानात सांगितलेलं.
ते पान त्यांच्याकडं तरी कधी होतं का,
हे आता त्या बोल्टांच्या भोकांना विचारावं.

मी तक्त्यात लिहिलं: अपूर्ण. साडेतीन.
खोडलं. दुर्मिळता: एकमेव ज्ञात प्रत.
शेवट: गहाळ.
तेही खोडलं. शेवट: तीन, तोंडी.
खोडरबराचा भुगा केसांच्या शेजारी पडला.

"तीन नाई," प्रमिलाताई म्हणाल्या,
पेटीचं झाकण हातात धरून.
"मले येगळा सांगतला होता.
तुमी आधी भाव सांगा, मंग सांगतो."