कडता

एकतीस वर्षं कळमन्यात मापारी होतो.
मिरचीचं पोतं काट्यावर चढलं
की अडत्या न बघताच म्हणायचा, 'दोन किलो धर.'
देठाचे, ओलाव्याचे, बारदान्याचे,
आणि विचारलंच कुणी तर हवेचे.
कायद्यात कडता नव्हता,
वहीत होता.

उत्पला पाच फूट नऊ इंच.
पाचपावलीतल्या आमच्या चौकटी
तिच्या मापाने बसवलेल्या नाहीत.
वाकून आत यायची, आणि आत आल्यावर हसायची.

धरमपेठेतल्या बाईंनी फीत लावली.
छाती, कंबर, नितंब.
आकडे मोठ्याने सांगितले, कोपऱ्यातल्या पोराने टिपले.
ही पद्धत मला ठाऊक आहे:
एक ओरडतो, एक लिहितो,
माल गप्प असतो.
'छान आहे मुलगी. फक्त सहा किलो काढा.'
काढा, म्हणाल्या.
डब्यातून तांदूळ काढावेत तसं.

मे महिन्यात, कूलरसमोर बसून,
पोरगी गरम पाणी पिते.
रविवारी तर्री-पोहे आणले,
तिने पुडी उघडली, वास घेतला,
कागदाची पुन्हा तशीच घडी घातली.
'झालं माझं, बाबा.'
तिची आई म्हणते, कमावते ना ती,
तुम्ही काहून मधात बोलता?
मी बोलत नाही.

मेयोत जन्मली तेव्हा एक किलो नऊशे.
लाल शाईने लिहिलं होतं.
रोज हमालीच्या कपड्यांतच जायचो,
मिरचीने शिंका येतात म्हणून नर्स दाराबाहेर थांबवायची.
तिथूनच विचारायचो, 'किती?'
वीस ग्रॅम चढली की तीही हसायची.
अडीच किलो भरली त्या दिवशी
अख्ख्या वॉर्डाला संत्रा बर्फी.
काट्याकडे बघून हात जोडले,
तेवढे एकदाच.

आता मोरीच्या दाराशी काचेचा काटा आहे.
कानातले काढते, केसांचा चाप काढते,
श्वास सोडून मग चढते.
मी पेपरामागे.
बारदाना वजा करणं मला नवीन नाही.

एका दुपारी, ती कामाला गेल्यावर,
माळ्यावरून वीस किलोचं बिडाचं वजन उतरवलं.
गंजलंय, पण सरकारी शिक्का वाचता येतो.
काचेवर ठेवलं, हलकेच,
झोपलेलं मूल ठेवावं तसं.
वीस किलो सहाशे.

संध्याकाळी सांगितलं,
सहाशे ग्रॅम खोटं बोलतो हा तुझा काटा.
महिन्याभरात पहिल्यांदा हसली.
गळ्यात पडली,
तिची फासळी माझ्या मनगटाला लागली.
मला वाटलं, आता सोडेल.
दुसऱ्या सकाळी चढली, आकडा वाचला,
आणि स्वतःशीच पुटपुटली,
'सहाशे धर.'

दिवाळीत बर्डीवर फलक लागला.
हिरवी साडी, हातभर काठ,
त्यात उत्पला, दोन मजली उंच.
लोक काठ बघतात.
मी तिच्या काखेखाली बघतो.
तिथे मागच्या दगडी खांबाची कड
किंचित आत वळली आहे:
मशीनवर तिला आणखी कापताना
खांबही थोडा कापला गेला.
किती गेलं असेल? पाव, दीड पाव.
नजरेचा अंदाज माझा अजून चुकत नाही.

मिरचीवाल्याला मी निदान चिठ्ठी तरी द्यायचो.
इतकं आलं, इतकं कापलं,
खाली सही.

चौकात उभा राहतो. सिग्नल सुटतो, पुन्हा लागतो.
खिशात पेन असतो अजून.
सवय.